नाव बदला, मग आत या!

पाच युरोची नोट कधी हातात आली तर ती उलटून बघा, मुलांनो. मागच्या बाजूला एक पूल दिसेल. कमानींवर कमानी, अगदी रोमन काळातला वाटावा असा. दहाच्या नोटेवर वेगळा पूल, वीसच्या नोटेवर आणखी वेगळा. हे पूल कोणत्या नदीवर आहेत, कोणत्या गावात आहेत? शोधायला निघून अख्खा युरोप पालथा घातलात तरी त्या काळी एकही सापडला नसता. कारण नोटा छापल्या तेव्हा हे पूल जगात कुठेच नव्हते! ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना नावाच्या चित्रकारानं ते काढले आणि मुद्दाम असे काढले, की कुठलाही खरा पूल ओळखू येऊ नये.

असं का केलं असेल? जरा विचार करा. पॅरिसचा पूल काढला असता तर रोमची माणसं रुसली असती. रोमचा काढला असता तर लिस्बनवाल्यांनी विचारलं असतं, आमच्या पुलानं काय घोडं मारलंय? नोट एकच, ती वापरणारे देश अनेक. म्हणून कोणाच्याच मालकीचा नसलेला पूल कल्पनेतून उभा करावा लागला. पुढची गंमत तर आणखी मोठी आहे. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम शहराजवळ स्पाइकेनिस्से नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी नोटांवरचे सातही पूल खरेखुरे बांधून टाकले, नोटांच्याच रंगांत! आज त्यांच्यावरून पायी किंवा सायकलनं जाता येतं.

नाण्यांचं मात्र वेगळं ठरलं. एक बाजू सगळ्यांची सारखी आणि दुसऱ्या बाजूला ज्यानं त्यानं आपलं चित्र काढायचं. ऑस्ट्रियानं संगीतकार मोझार्टला घेतलं. ग्रीसनं अथेन्सच्या प्राचीन नाण्यावरचं घुबड घेतलं. आयर्लंडनं हार्प हे वाद्य घेतलं. २०२३ साली क्रोएशियानं युरो स्वीकारला आणि आपल्या काही नाण्यांवर घेतलं निकोला टेस्लाला. हो, तोच तो, विजेच्या ए.सी. मोटरवाला शास्त्रज्ञ! नाणी पाडायच्या आधीच शेजारच्या सर्बियातून तक्रार आली. का? टेस्लाचा जन्म १८५६ साली ज्या स्मिल्यान खेड्यात झाला, ते आज क्रोएशियात आहे. पण त्याचं कुटुंब होतं सर्ब. सर्बियाच्या शंभर दिनारच्या नोटेवर टेस्ला आहे आणि राजधानी बेलग्रेडच्या विमानतळालाही त्याचंच नाव आहे. तो जन्मला तेव्हा त्याचं खेडं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं आणि पुढे तो अमेरिकेचा नागरिक झाला. आता सांगा बघू, टेस्ला कोणाचा?

देश एकमेकांच्या जवळ यायला लागले की असे प्रश्न हमखास उभे राहतात. आपण कोण? आपले कोण? आत कोणाला घ्यायचं आणि बाहेर कोणाला ठेवायचं? या प्रश्नांपायी एका देशाला चक्क स्वतःचं नाव बदलावं लागलं. त्याची गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी ज्या संघात शिरण्यासाठी त्यानं एवढं केलं, तो संघ कसा जन्मला ते बघू या.

कोळशापासून सुरुवात

युरोपीय संघ, म्हणजे बातम्यांमध्ये ज्याला ईयू म्हणतात तो, आज २७ देशांचा आहे. त्यात सुमारे ४५ कोटी माणसं राहतात. त्याची सुरुवात मात्र सहा देशांनी केली आणि तीही कोळसा आणि पोलाद या दोन काळ्या-करड्या वस्तूंपासून.

फ्रान्स आणि जर्मनी हे शेजारी १८७० पासून १९४५ पर्यंत तीनदा एकमेकांशी लढले. त्यांतली दोन तर महायुद्धंच होती. लढायला तोफा लागतात, तोफांना पोलाद लागतं, पोलादाच्या भट्टीला कोळसा लागतो. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी सुचवलं, की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक संस्थेच्या ताब्यात देऊ या. म्हणजे कोणी चोरून तोफा ओतायला गेला तर दुसऱ्याला लगेच कळेल. किती साधी आणि किती धाडसी कल्पना! युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. घराघरांत माणसं गेलेली होती. अशा वेळी कालच्या शत्रूसोबत हिशेबाची वही एक करायला फार मोठं मन लागतं.

शूमान यांना हे का सुचलं असेल? मला वाटतं, ते सीमेवरचे माणूस होते म्हणून. त्यांचा जन्म लक्झेंबर्गचा. वडील लोरेन प्रांतातले. तो प्रांत जर्मनीनं जिंकून घेतलेला असल्यामुळे शूमान जन्मानं जर्मन नागरिक होते. पहिल्या महायुद्धानंतर लोरेन फ्रान्सला परत मिळालं आणि ते फ्रेंच झाले. ज्या माणसाचा देश असा बदलला, त्याला सीमारेषा ही पेननं काढलेली रेघ आहे हे कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

१९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी करार केला आणि गाडी सुरू झाली. पुढे ब्रिटनला यायचं होतं, पण फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ साली आणि पुन्हा १९६७ साली नकार दिला. ब्रिटन समुद्रापलीकडचं बेट आहे, त्याचं सगळं लक्ष अमेरिकेकडे आणि आपल्या जुन्या साम्राज्याकडे, त्याचं आपलं जमायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १९७३ साली ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क आत आले. हुकूमशाही संपल्यावर १९८१ साली ग्रीस आणि १९८६ साली स्पेन आणि पोर्तुगाल आले. मग १९९५ साली आणखी तीन. आणि १ मे २००४ रोजी, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन चाललं होतं त्याच दिवशी, एकदम दहा देश आत आले! पोलंड, हंगेरी, झेक, स्लोव्हाकिया, बाल्टिक समुद्राकाठचे तीन छोटे देश, स्लोव्हेनिया, माल्टा, सायप्रस. इतके पाहुणे एका दिवसात कधी आले नव्हते. नंतर २००७ साली रुमानिया आणि बल्गेरिया, २०१३ साली क्रोएशिया.

सगळेच आत येण्यासाठी धडपडतात असं मात्र समजू नका. नॉर्वेच्या लोकांनी १९७२ आणि १९९४ अशा दोन सार्वमतांत ‘नको’ म्हटलं. ग्रीनलँड मासेमारीच्या नियमांना कंटाळून १९८५ साली बाहेर पडलं. आणि ब्रिटन, जो दोनदा नकार ऐकूनही पुन्हा आला होता, तो २०२० साली निघून गेला.

नवा देश येतो तेव्हा आपली भाषाही घेऊन येतो. संघाच्या अधिकृत भाषा आहेत २४. प्रत्येक भाषेतून उरलेल्या प्रत्येक भाषेत भाषांतर करायचं तर किती जोड्या होतील? २४ गुणिले २३, म्हणजे ५५२! माल्टाची भाषा अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहिली जाते. बल्गेरिया आपल्याबरोबर सिरिलिक लिपी घेऊन आला आणि ती युरोच्या नोटेवरही पोचली. संघाचं गीत बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली धून आहे, पण त्याला शब्दच ठेवलेले नाहीत. कोणत्या भाषेत ठेवणार? आणि ब्रीदवाक्य ठरवलं शाळेतल्या मुलांनी! १५ देशांतल्या हजारो विद्यार्थ्यांनी स्पर्धेत भाग घेतला आणि २००० साली ते जाहीर झालं. ‘विविधतेत एकता.’ तुमच्या पाठ्यपुस्तकातलंच ना?

युरोप संपतो कुठे?

संघाचा नियम सांगतो, की संघाची मूल्यं मानणाऱ्या कुठल्याही युरोपीय देशाला अर्ज करता येतो. पण युरोपीय म्हणजे कोण? भूगोलाच्या पुस्तकात आहे तेवढं हे सोपं नाही.

१९८७ साली मोरोक्कोनं अर्ज केला. स्पेनच्या किनाऱ्यावरून हवा स्वच्छ असली तर मोरोक्कोचे डोंगर दिसतात, मधल्या सामुद्रधुनीची रुंदी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर. तरी उत्तर आलं, तुम्ही युरोपात नाही. बरं, मग सायप्रस बघा. नकाशात ते तुर्कस्तानच्या दक्षिणेला, सीरिया आणि लेबनॉनच्या समोर आहे. ते आत आहे! आणि दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलला चिकटून असलेला फ्रेंच गयाना? तो फ्रान्सचा भाग असल्यामुळे तोही संघात आहे. तिथल्याच कुरू इथल्या अवकाशतळावरून ‘ॲपल’पासून आपले कितीतरी उपग्रह उडाले आहेत. युरोची नोट नीट बघितलीत तर नकाशाच्या खाली कोपऱ्यात छोट्या चौकटीत गयानाही दिसतो.

याहून अजब गोष्ट आपल्या गोव्याची आहे. १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं. त्या काळात तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल संघात असल्यामुळे असा माणूस संघाचाही नागरिक होतो. गोव्यातल्या अनेकांनी हा पासपोर्ट घेतला आणि ब्रिटन संघात होतं तोवर तिथल्या स्विंडनसारख्या शहरांत जाऊन नोकऱ्या केल्या. म्हणजे मडगावात वाढलेला माणूस कायद्यानं युरोपीय संघाचा नागरिक होऊ शकतो, आणि युरोपच्या नकाशाच्या आतच, ग्रीस आणि बल्गेरियाच्या शेजारी राहणारी मुलं अजून बाहेरच आहेत. त्यांच्याकडे आपण येणारच आहोत.

तुर्कस्तानचं प्रकरण तर फार लांबलंय. त्याचं इस्तंबूल शहर अर्धं युरोपात, अर्धं आशियात. पहिला करार १९६३ साली झाला, अर्ज १९८७ साली केला, बोलणी २००५ साली सुरू झाली. या बोलण्यांत अभ्यासक्रमासारखी ३५ प्रकरणं असतात. अन्नसुरक्षा, पर्यावरण, न्यायालयं, मासेमारी, कर वगैरे. तुर्कस्तानचं आजवर एकच प्रकरण पुरं झालं आहे आणि ते आहे विज्ञान आणि संशोधनाचं! बाकीची अडली. कारणं अनेक. सायप्रसच्या उत्तर भागात तुर्कस्तानचं सैन्य १९७४ पासून आहे. तुर्कस्तानात पत्रकारांना तुरुंगात टाकलं जातं, न्यायालयांवर दबाव येतो, ही तक्रारही खरी आहे. पण काही नेत्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. साडेआठ कोटी वस्तीचा, बहुतेक मुसलमान असलेला देश आत आला तर युरोप युरोप राहील का? हा प्रश्न कुठल्याच प्रकरणात लिहिलेला नाही. तरी सगळ्यात जड तोच ठरला.

सिकंदर कोणाचा?

सिकंदर तुम्हाला माहीत आहे. झेलमच्या काठी पोरस राजाशी लढलेला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या आत जगाचा केवढा तरी भाग जिंकून गेलेला. त्याच्या राज्याचं नाव होतं मॅसिडोनिया.

१९९१ साली युगोस्लाव्हिया नावाचा देश फुटला आणि त्यातून बाहेर पडलेल्या एका छोट्या देशानं आपलं नाव सांगितलं, मॅसिडोनिया. राजधानी स्कोप्ये. आपल्या मदर तेरेसा यांचा जन्म १९१० साली याच शहरात झाला, एका अल्बेनियन कुटुंबात. (त्यांच्यावरही दोन-तीन देश हक्क सांगतात. अल्बेनियाच्या मुख्य विमानतळाला त्यांचं नाव आहे. त्यांनी स्वतः नागरिकत्व घेतलं ते भारताचं.)

नव्या देशाचं नाव ऐकून ग्रीस खवळला. ग्रीसच्या उत्तरेला मॅसिडोनिया याच नावाचा मोठा प्रांत आहे आणि सिकंदर जिथे जन्मला ते पेल्ला गाव त्याच प्रांतात आहे. ग्रीसचं म्हणणं, तुमची भाषा स्लाव्ह कुळातली. स्लाव्ह लोक या भागात आले ते सिकंदराच्या नंतर नऊशे-हजार वर्षांनी. मग सिकंदर तुमचा कसा? आज नाव घेतलंत, उद्या आमचा प्रांत मागाल! स्कोप्येचं म्हणणं, आमचे आजे-पणजे स्वतःला मॅसिडोनियनच म्हणत आले. आम्ही कोण हे तुम्ही कोण सांगणार?

तुम्हाला काय वाटतं? मला दोघांचंही थोडं-थोडं पटतं. म्हणूनच हे भांडण सोपं नव्हतं.

१९९३ साली त्या देशाला संयुक्त राष्ट्रांत घेतलं ते एका तात्पुरत्या नावानं, ‘पूर्वीचं युगोस्लाव्ह गणराज्य मॅसिडोनिया’. तात्पुरतं नाव २५ वर्षं चाललं! झेंड्यावर सिकंदराच्या घराण्याचा मानला जाणारा सोळा किरणांचा सूर्य होता, तो १९९५ साली बदलावा लागला. २००५ साली देश युरोपीय संघाचा अधिकृत उमेदवार झाला, पण बोलणी काही सुरू होईनात. कारण संघात नवा सभासद घ्यायचा तर आतल्या प्रत्येक देशाचा होकार लागतो. वर्गाची सहल ठरवताना एका मुलानं ‘मी नाही’ म्हटलं की सगळ्यांची सहल रद्द, असा नियम असेल तर काय होईल? तसंच. ग्रीस आत होता आणि ग्रीस ‘नाही’ म्हणत होता.

वाट बघून चिडलेल्या स्कोप्येनं मग उलटंच केलं. विमानतळाला सिकंदराचं नाव दिलं, महामार्गालाही त्याचंच नाव. २०११ साली शहराच्या मुख्य चौकात घोड्यावर बसलेल्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा उभारला. त्याचं नाव ठेवलं नुसतं ‘घोड्यावरचा योद्धा’, पण तो कोण आहे हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं.

शेवटी दोन धीट माणसं समोरासमोर आली. स्कोप्येचे पंतप्रधान झोरान झाएव आणि ग्रीसचे पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास. झाएव यांनी आधी विमानतळाचं नाव बदललं आणि महामार्गाचं नाव ठेवलं ‘मैत्री’. १७ जून २०१८ रोजी दोन्ही देशांच्या सीमेवरच्या प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला. देशाचं नाव होईल उत्तर मॅसिडोनिया. भाषेचं नाव मॅसिडोनियन हेच राहील. सिकंदर आणि त्या काळचा वारसा ग्रीसचा, हे स्कोप्ये मान्य करेल. दोन्ही देशांत संतापाची लाट उठली. दोन्हीकडे लोक ओरडले, आपल्याला विकलं! फेब्रुवारी २०१९ मध्ये नाव बदललं. सीमेवरच्या पाट्या बदलल्या, सरकारी शिक्के बदलले, गाड्यांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली. वीस लाखांहून कमी वस्तीच्या देशानं आपल्या नावाचा तुकडा मोडून टेबलावर ठेवला.

मग आत घेतलं? नाही!

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फ्रान्स म्हणाला, आत घेण्याची पद्धतच आधी सुधारू या. ते झालं, तर नोव्हेंबर २०२० मध्ये दुसरा शेजारी, बल्गेरिया, उभा राहिला. त्याचं म्हणणं, मॅसिडोनियन नावाची वेगळी भाषाच नाही, ती बल्गेरियनचीच बोली आहे. आणि तुमच्या पाठ्यपुस्तकातले वीर खरे आमचे आहेत.

त्यातला सगळ्यात लाडका वीर म्हणजे गोत्से देल्चेव्ह. शाळामास्तर होता. तुर्की साम्राज्याविरुद्ध गुप्त संघटना उभी करणारा, १९०३ साली लढताना मारला गेलेला. तो जन्मला ते गाव आज ग्रीसमध्ये आहे. त्याच्या अस्थी आधी बल्गेरियाच्या राजधानीत नेल्या, मग १९४६ साली स्कोप्येला आणल्या. आज तो तिथल्या चर्चच्या अंगणात विसावलेला आहे आणि दोन्ही देशांत त्याच्या नावाचे रस्ते, शाळा, गावं आहेत. तो कोणाचा हे ठरवायला दोन्ही देशांच्या इतिहासकारांची एक समितीच नेमली आहे! देल्चेव्हच्या काळात आजच्या सीमाच नव्हत्या. आजच्या नकाशावर त्याला कुठे बसवायचं, हे त्याला विचारलं असतं तर तोही गोंधळला असता.

बोली की भाषा, हे भांडण आपल्याला नवं नाही. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं वाद झाले. १९७५ साली साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मराठी त्यामुळे लहान झाली का? मुळीच नाही.

२०२२ साली तडजोड निघाली आणि बोलणी नावापुरती सुरू झाली. पण अट अशी, की उत्तर मॅसिडोनियानं राज्यघटना बदलून देशातल्या लोकसमूहांच्या यादीत बल्गेरियनांचं नाव घालावं. २०२१ च्या जनगणनेत तिथे असे साधारण साडेतीन हजार लोक नोंदले गेले. ऐकायला अट छोटी वाटते ना? पण ज्यांनी आधी झेंडा बदलला, मग नाव बदललं, त्यांना भीती वाटते की याही वेळी ‘आता एवढंच’ म्हणून उद्या आणखी काही मागतील. त्यामुळे घटना बदलायला लागणारी दोन तृतीयांश मतं संसदेत जमत नाहीत. शेजारच्या अल्बेनियाची फाईल याच फाईलला बांधलेली होती. २०२४ साली ती सोडवून पुढे सरकवली. स्कोप्ये मागेच राहिलं.

आतल्यांनाही काळजी असते

आता आत बसलेल्यांची बाजू ऐकू या, कारण तीही खोटी नाही. संघाच्या संसदेत ७२० जागा आहेत. जर्मनीला सगळ्यात जास्त, ९६. माल्टाला सगळ्यात कमी, ६. गणित करून बघा. माल्टात साधारण नव्वद हजार लोकांमागे एक खासदार, जर्मनीत साडेआठ लाखांहून जास्त लोकांमागे एक. छोट्यांचा आवाज दबू नये म्हणून हे मुद्दाम केलंय. पण नवे छोटे देश येत गेले तर मोठ्यांचा वाटा घटतो. आणि मोठा देश आला तर सगळ्यांच्याच खुर्च्या सरकतात.

पैशाचंही तसंच. संघाच्या खर्चाचा सुमारे एक तृतीयांश भाग शेतीवर जातो. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियानं हल्ला केल्यानंतर चौथ्याच दिवशी, युक्रेननं अर्ज केला. डोक्यावर बॉम्ब पडत असताना एखादा देश अर्ज भरतो, हे वाचून मी थक्क झाले होते. काही महिन्यांत तो उमेदवार झाला. पण युक्रेनची काळी माती म्हणजे सोनं आहे. गहू, मका, सूर्यफूल बेसुमार पिकतं. ते स्वस्त धान्य आपल्या बाजारात आलं तर आपलं काय, म्हणून पोलंडच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावून सीमेवरचे रस्ते अडवले. युद्धातल्या युक्रेनी माणसांना घरात ठेवून घेणारा देशही पोलंडच होता, हे लक्षात ठेवा. मन मोठं असूनही पोट सुटत नाही.

याच पोलंडची एकेकाळी फ्रान्सला धास्ती वाटत होती. २००५ साली तिथे बोललं जायचं, आता पोलिश प्लंबर येणार आणि आमच्या नोकऱ्या घेणार! पोलंडच्या पर्यटन विभागानं त्याला एका पोस्टरनं उत्तर दिलं. देखणा प्लंबर हातात पाईप घेऊन सांगतोय, मी पोलंडातच थांबतोय, तुम्हीच इकडे या.

भीती विरते तेव्हा काय होतं, हे बघायचं तर गोरित्सियाला जायला हवं. १९४७ साली इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यातली नवी सीमा या शहराच्या अंगावरून गेली. रेल्वे स्टेशन एका देशात, त्याच्या समोरचं शहर दुसऱ्या देशात, आणि चौकाच्या मधोमध कुंपण. पलीकडच्यांनी आपलं वेगळं शहर बांधलं, नोव्हा गोरित्सा. युगोस्लाव्हिया फुटल्यावर ती बाजू स्लोव्हेनिया देशात आली. २००४ साली स्लोव्हेनिया संघात आला आणि चौकातलं कुंपण निघालं. तिथे आज जमिनीत एक गोल तबक बसवलंय. मुलं एक पाय इटलीत, एक पाय स्लोव्हेनियात ठेवून फोटो काढतात. २०२५ साली ही दोन्ही शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. संघ वाढवायचा तो यासाठी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. तुमच्याकडे निवडणुका प्रामाणिक होतात का, न्यायाधीश कोणाला घाबरतात का, कचेरीत लाच द्यावी लागते का, हे विचारायचा २७ देशांना पुरेपूर हक्क आहे. त्यांनी कडक तपासणी करावी, ढिलाई करू नये. या गोष्टी मेहनतीनं सुधारता येतात आणि त्या सुधारल्या तर त्या देशातल्याच लोकांचं भलं होतं. पण तुझ्या आईच्या तोंडच्या भाषेला कुठलं नाव द्यायचं आणि तुझा पूर्वज कोण, ही प्रवेशाची अट होऊ नये. ती कितीही अभ्यास करून पुरी करता येत नाही आणि पुरी केली तरी मनात सल राहतो. असे प्रश्न सोडवायला इतिहासकार आहेत, विद्यापीठं आहेत, भरपूर वेळ आहे. त्यासाठी स्कोप्येतल्या मुलांना बाहेर उभं ठेवणं अन्याय आहे.

तुम्ही एक काम करा. शाळेच्या ग्रंथालयात जा आणि मिळतील तेवढे जुने-नवे ॲटलास काढा. ग्रीसच्या अगदी वर, बल्गेरियाच्या डावीकडे बोट ठेवा. तिथे युगोस्लाव्हिया लिहिलं असेल तर तो ॲटलास १९९१ च्या आधीचा. नुसतं मॅसिडोनिया असेल तर २०१९ च्या आधीचा. उत्तर मॅसिडोनिया असेल तर नवा. मग एका कोऱ्या नकाशात संघाचे २७ देश निळ्या पेन्सिलीनं रंगवा. मधोमध काही देश पांढरेच राहतील. ते कोणते, आणि तुमच्या ॲटलासात त्यांची नावं काय होती, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.